पाऊण मिलिमीटरचा हिशेब : लेथवरच्या पेनावर जडावकाम कसं करावं

पेनावर जडाव करायचा म्हटलं की आधी नक्षी सुचते. हिशेब मात्र जाडीपासून सुरू होतो. बाजारात सर्रास मिळणारं स्लिमलाइन किट, म्हणजे बारीक पेनाच्या सुट्या भागांचा संच, घ्या. त्याच्या पितळी नळीसाठी लाकडात ७ मिमीचं भोक पाडतात आणि टोकाला, बुशच्या (लेथवर लाकडाच्या टोकाशी बसणाऱ्या मापाच्या कडीच्या) मापाला आणल्यावर, पेनाचा व्यास साधारण ८.४ मिमी उरतो. म्हणजे नळीवर लाकूड फक्त ०.७ मिमी! इतक्या लाकडात १ मिमीची खाच घेतली की पटाशी थेट पितळेला भिडते आणि टोकाचा कपचा उडतो.

म्हणून पहिला नियम: जडाव टोकाजवळ नको, पोटात हवा. खालच्या नळीच्या मध्यावर पेनाला थोडं पोट ठेवून व्यास १०.५ मिमी राखला, तर नळीवर १.७५ मिमी लाकूड मिळतं. त्यात १ मिमीचा जडाव बसतो आणि तळाला पाऊण मिलिमीटर लाकूड शिल्लक राहतं. या पाऊण मिलिमीटरच्या खाली कधी जाऊ नका. टोकापासून ८ मिमीपर्यंतचा भाग कोराच सोडा, कारण जोडणीच्या वेळी किटचे भाग दाबून बसवताना सगळा ताण तिथेच येतो. किटची मापं बनवणाऱ्यागणिक किंचित बदलतात. त्यामुळे बुश व्हर्नियरने मोजायचा आणि खाचेच्या तळाचा व्यास, तयार व्यास व खाचेची जागा पेन्सिलीने कागदावर लिहून लेथच्या डोक्यावर चिकटवायची. फिरत्या लाकडासमोर तोंडी हिशेब चुकतो.

लाकूड आणि मराठवाड्याची हवा

साग सहज मिळतो, वखारीत तुकडेही पडलेले असतात. पण बारीक जडावाला साग वाईट. त्याची छिद्रं मोठी. पितळेचा कीस घासताना त्यांत काळा गाळ भरतो आणि तो पुन्हा निघत नाही. शिवाय वर्षवलयांच्या मऊ पट्ट्यात खाचेची कड तुटते. सागावर रुंद दगडी पट्टा शोभतो, तारेचं काम नाही. तारेसाठी शिसव किंवा बाभळीचा गाभा घ्यावा. जुन्या बैलगाडीच्या तुंब्याची बाभूळ हाती लागली तर सोन्याहून पिवळं, मात्र आधी चुंबक फिरवून आत खिळा राहिला नाही ना हे बघा. चिंचेचा जांभळट गाभा देखणा असतो, पण तो अरुंद असतो. कडुलिंबाची शीर आडवीतिडवी जाते, त्याची कड हाताने फाटते. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

साग आणि शिसव दोन्ही तेलकट. गोंद लावण्याआधी ती जागा अ‍ॅसिटोनने पुसायची आणि पुसल्यावर दहा मिनिटांच्या आत गोंद लावायचा. उशीर झाला तर आतलं तेल पुन्हा वर येतं.

इथे सर्वांत जास्त पेन वाया जातात ते हवेमुळे. श्रावणात कातलेलं लाकूड पाणी धरून असतं. तेच पेन एप्रिल-मे महिन्यात, पारा चाळिशीपार गेल्यावर, कोरड्या हवेत आकसतं. आतली पितळी नळी आकसत नाही, मग लाकडाला उभी चीर जाते, आणि जडाव असला तर ती नेमकी खाचेच्या कोपऱ्यातून सुरू होते. ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर साधा उपाय आहे. २० × २० मिमीचे, १३० मिमी लांबीचे तुकडे कापून त्यांच्या टोकांना मेण लावायचं आणि दर रविवारी ग्रॅमच्या काट्यावर वजन करून तुकड्यावरच लिहायचं. ओळीने तीन आठवडे वजन तेच आलं की लाकूड घ्यायला हरकत नाही. पावसाळ्यात मात्र वजन स्थिर झालं तरी ते पावसाळ्यापुरतंच असतं. अशा वेळी तुकडे पंधरा दिवस फ्रिजच्या मागच्या गरम जागेत ठेवून मग कातावेत.

सुरुवात ठिपक्यांनी

हात बसवायला ठिपके सर्वांत चांगले. गॅस वेल्डिंगच्या दुकानात १.६ मिमीची पितळी ब्रेझिंग सळई मिळते. एका सळईत कितीतरी पेनं होतात.

नळी एपॉक्सीने बसवा. फेविक्विकसारखा झटपट गोंद नळी अर्ध्यावर असतानाच धरतो. त्याआधी नळी १५० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून घ्यावी. मग पेन तयार मापापेक्षा अर्धा मिलिमीटर जाड, म्हणजे पोटात ११ मिमीपर्यंत कातून थांबायचं. आता कागदाची अरुंद पट्टी पेनाभोवती गुंडाळा आणि जिथे टोक टोकाला भेटतं तिथे कापा. ही पट्टी साधारण साडेचौतीस मिलिमीटर भरेल. तिला तीनदा मध्यावर दुमडलं की सात घड्यांनी आठ समान भाग पडतात. पट्टी परत गुंडाळून प्रत्येक घडीवर आणि जोडावर टोच्याने खूण करा. मोजपट्टीने आठ भाग करायला गेलात तर शेवटचा भाग नेहमी लहान येतो.

१.६ मिमीच्या ड्रिलवर टोकापासून १.२ मिमीवर टेप गुंडाळा. ही खोली ११ मिमीच्या व्यासावरून मोजलेली आहे. वरचं पाव मिलिमीटर नंतर निघून जाणार, त्यामुळे तयार पेनात ठिपका जवळपास एक मिलिमीटर खोल उरतो. भोक मँड्रेलच्या (लेथवर पेन धरणाऱ्या दांड्याच्या) अक्षाकडे सरळ जायला हवं. तिरकं गेलं की घासल्यावर ठिपका अंडाकृती दिसतो, आणि आठात एक अंडाकृती असला तर नजर तिथेच जाते. सळईचं टोक कानशीने सपाट करून फेविक्विकच्याच जातीच्या, मध्यम जाडीच्या सायनोअ‍ॅक्रिलेटचा एक थेंब लावा, सळई भोकात टेकवा आणि पक्कडीने १ मिमी वर सोडून तोडा. तोडताना सळई वाकवायची नाही, नाहीतर भोकाची कड उचकटते.

रात्रभर राहू द्या. वर आलेली टोकं लेथ बंद ठेवून कानशीने खाली आणायची. फिरत्या लेथवर टूल लावलं तर पहिल्याच फेरीत ते पितळेला अडकतं आणि ठिपका लाकडासकट बाहेर येतो.

दगडी पट्टा

दख्खनच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत झिओलाइटचे स्फटिक सापडतात. विहिरीच्या खोदकामात, खाणीच्या ढिगात पांढरे, पीचच्या रंगाचे, मोरपंखी पात्यांसारखे तुकडे दिसतात ते यातलेच. त्यातला स्टिल्बाइट जडावाला उत्तम. त्याची कठीणता (मोह्सच्या १ ते १० मापावर) ३.५ ते ४, म्हणजे तो घासला जातो. अ‍ॅपोफिलाइट ४.५ ते ५, तो झिओलाइट नाही, पण त्यांच्यासोबतच सापडतो, तोही जमतो. गारगोटी मात्र क्वार्ट्‌झ आहे, तिची कठीणता ७. ती पट्ट्यात आली की पॉलिश पेपर झिजतो, गारगोटी झिजत नाही. वेरूळच्या कातळाचा तुकडा पेनात असावा ही हौस समजू शकतो, पण लेण्यांच्या आवारातून काही उचलू नये, आणि तसाही बेसाल्ट टूलची धार मारतो.

ओळखायची रीत: खिशातल्या चाकूने ओरखडा काढा. दगडावर रेघ उठली तर वापरा. दगडावर चाकूचाच राखाडी लोखंडी डाग उमटला तर सोडून द्या. फरशीच्या दुकानातला संगमरवराचा चुरा फुकट मिळतो आणि मऊही असतो. हिरवा रंग हवा असेल तर काचेच्या बांगड्या चालतात. बांगडी मोडून बघा, रंग काचेत आरपार असेल तरच घ्या. वरून चढवलेला रंग घासताना निघून जातो.

दगड जाड कापडाच्या पुरचुंडीत ठेवून हातोडीने फोडा. चष्मा आणि एन-९५ मास्क हवाच, ही धूळ फुफ्फुसात जाऊ देण्यासारखी नाही. चहाच्या गाळणीतून चाळलं की दोन प्रती होतात. वर उरतात ते दाणे, खाली पडते ती पूड. दाण्यांपैकी १ मिमीहून मोठे वेचून टाकून द्या. ३ मिमी रुंद पट्ट्याला पाव ग्रॅमच्या आसपास, चिमूटभरच माल लागतो, त्यामुळे दगडाची गोणी भरून आणायचं कारण नाही.

पेन ११ मिमीवर असताना पार्टिंग टूलने ३ मिमी रुंद खाच ८.५ मिमी व्यासापर्यंत न्या. पार्टिंग टूलची अणी दोन्ही कडांना आधी टेकवून रेघ पाडा, मग मधला माल काढा. थेट घुसलात तर कडेच्या शिरा उचलल्या जातात. खाचेच्या भिंतींना पातळ सायनोअ‍ॅक्रिलेटचा एक हात द्या म्हणजे पुढे रंग किंवा पूड लाकडात मुरत नाही. तळाला काळा अ‍ॅक्रिलिक रंग लावा. पांढरे दगड अर्धपारदर्शक असतात. खाली लाकडाचा तपकिरी रंग दिसला तर पट्टा मळकट वाटतो, काळ्यावर तोच उजळतो.

आता लेथ हाताने फिरवत दाणे भरा. दाणे खाचेच्या वर थोडे आले पाहिजेत. वरून बारीक पूड भुरभुरवा, ब्रशने दाण्यांच्या फटीत सारा आणि पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट थेंबाथेंबाने सोडा. लवकर सुकावं म्हणून लगेच अ‍ॅक्सिलरेटर फवारणं ही या कामातली सर्वांत महाग घाई. गोंद उकळल्यासारखा फसफसतो आणि पट्ट्यात पांढरे बुडबुडे अडकतात. ते घासून जात नाहीत, पट्टा उकरून पुन्हा भरावा लागतो. थांबा, अर्ध्या तासाने दुसरा थर द्या, मग रात्रभर ठेवा. थंडीपेक्षा मे महिन्यात गोंद लवकर सुकेल असं वाटतं, पण हा गोंद हवेतल्या बाष्पावर सुकतो. कोरड्या उन्हाळ्यात तो रेंगाळतो. पावसाळ्यात उलट, भराभर धरतो आणि आजूबाजूला पांढरी साय धरते. उन्हाळ्यात खोलीत ओलं फडकं टांगलं तरी फरक पडतो. आणि हा गोंद सुती कापडाने कधीही पुसू नका. सुताशी त्याची झटकन प्रक्रिया होऊन कापड भाजण्याइतकं तापतं. टिश्यू पेपर वापरा.

उतरवताना वेग मिनिटाला १००० फेऱ्यांच्या आसपास. कार्बाइडचं टूल असेल तर हलके हात फिरवा, नसेल तर कानस आणि मग पॉलिश पेपर, पाण्यासोबत. पेपर बोटाने धरायचा नाही. बोट मऊ, लाकूड मऊ, दगड कठीण, म्हणजे लाकूडच झिजतं आणि पट्टा अंगठीसारखा वर राहतो. सपाट लाकडी पट्टीला पेपर चिकटवून घासलं की दोन्ही एका पातळीत येतात. शेवटी भिंगातून बघा. सुईच्या टोकाएवढी भोकं राहिलेली असतातच. त्यांत पूड आणि गोंदाचा एकेक थेंब टाकून परत घासा.

पितळेची पूड भरायची असेल तर किल्लीवाल्याकडचा कीस चालतो, पण त्यातून चुंबक फिरवा. पोलादाचा कण राहिला तर तो गंजतो आणि बाभळीसारख्या टॅनिनवाल्या लाकडात भोवती काळा डाग पसरतो.

तारेची कोयरी

उदगीरच्या पलीकडे बीदर, आणि संभाजीनगरातही बिदरीचे कारागीर आहेत, त्यामुळे काळ्यावर चांदी हे रूप इथल्या डोळ्यांच्या ओळखीचं. खऱ्या बिदरीत जस्त आणि थोडं तांबं यांच्या मिश्र धातूत खाच कोरून चांदी ठोकून बसवतात, मग किल्ल्यातली माती आणि नवसागर यांनी जमीन काळी करतात. लाकडावर हा नवसागराचा उपाय चालत नाही, पण तेच रूप दुसऱ्या वाटेने मिळतं.

लाकडात तार बसवण्याची रीत उत्तर प्रदेशातल्या मैनपुरीची तारकशी शिकवते. तिथे गोल तार नाही, चपटी पट्टी उभी बसवतात. सोनाराकडून चांदीची किंवा पितळेची तार जंतरातून (तार बारीक करायच्या भोकांच्या पट्टीतून) ओढून, रोलरमधून चपटी करून घ्या. जाडी ०.४ मिमी, रुंदी १.२ मिमी. ती ताठ असते, म्हणून मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा. मग ती सुतळीसारखी वळते.

पैठणीच्या पदरावरची कोयरी घेतली तर ती पेनाच्या अंगावर मावेल इतकी लहान काढायला हवी. १०.५ मिमी व्यासाच्या पेनाचा घेर ३३ मिमी. त्यापैकी समोरून नीट दिसतो तो तिसरा हिस्सा, ११ मिमी. कोयरी १० मिमीहून रुंद नको, आणि आतली वेलबुट्टी गाळा. दोन रेघांमध्ये दीड मिलिमीटरपेक्षा कमी लाकूड उरलं की ते कोरतानाच सुटतं. मोराच्या वाटेला तर जाऊच नये.

नक्षी पातळ कागदावर काढून पाण्याच्या गोंदाने पेनावर चिकटवा. पेन मँड्रेलवरच असू दे, मँड्रेल शेगड्यात (व्हाइसमध्ये) लाकडी जबड्यांमध्ये धरा. धारदार पात्याने कागदावरून रेघ पाडा, आधी हलकी, मग तिसऱ्या-चौथ्या फेरीत १ मिमीपर्यंत. ०.४ मिमीच्या तारेला चीर ०.३ मिमीची हवी, तार जराशी रेटूनच बसली पाहिजे. कोयरीच्या टोकाशी जिथे वळण शिरेला आडवं जातं तिथे कपचा उडतो. तिथे आधी पातळ गोंदाचा थेंब मुरवून, सुकवून मग काप घ्या.

तार एका अखंड तुकड्यात बसवायचा हट्ट धरू नका. कोयरीचं पोट एक तुकडा, वळलेली चोच दुसरा, जोड टोकावर. तार चिमट्याने वळणाप्रमाणे वाकवून चिरेत उभी करा, चिरेत पातळ गोंद सोडा आणि पितळी हातोडीने टकटक करत बसवा. दणका नको. खाली जेमतेम पाऊण मिलिमीटर लाकूड आहे, दणक्याने ते नळीपासून सुटून पोकळ आवाज येऊ लागतो. तो आवाज आला तर तिथेच थांबा, बाजूला सुईएवढं भोक पाडून पातळ गोंद आत सोडा.

लेथ बंद ठेवून बारीक कानस तारेच्या लांबीच्या दिशेने चालवा. आडवी चालवली तर तार उपटते. मग १८०, २४०, ४०० नंबर, सगळं हातानेच.

काळा रंग आता. बाभळीच्या लाकडात मुळातच टॅनिन असतं, ते वाढवण्यासाठी काष्ठौषधीच्या दुकानातली हिरड्याची पूड एक चमचा २०० मिली गरम पाण्यात भिजवा, गाळून पेनाला दोन हात द्या, वाळू द्या. दुसरीकडे भांडी घासायच्या लोखंडी काथ्याचा गोळा २०० मिली पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दोन-तीन दिवस ठेवलेला असावा. स्टेनलेसचा नको, तो विरघळत नाही. बरणीचं झाकण सैल ठेवा, आत वायू तयार होतो. हे पाणी ब्रशने लावलं की डोळ्यांदेखत लाकूड काळंभोर होतं. जुनी हिरड्याची शाई याच रसायनाची, तेव्हा पेनाला अंगभूतच शोभते. रंग वरवर मुरतो, म्हणून सगळं घासकाम याआधी संपलेलं हवं. चांदी या पाण्याला फारशी दाद देत नाही, पितळ मात्र काळवंडतं. काळ्या जमिनीवर म्हणूनच चांदी घ्या. दुसऱ्या दिवशी ओल्या टिश्यूने पुसून, दोन दिवस वाळवून, तारेवरून १००० नंबरचा पेपर एकदाच हलका फिरवा, चांदी उघडी होते.

गुंफलेली गाठ

एकात एक अडकलेल्या चार कड्यांसारखी दिसणारी ही नक्षी नळी बसवण्याआधी, चौकोनी तुकड्यावरच होते. तुकडा चारी बाजूंनी अचूक चौरस हवा. मायटर बॉक्समध्ये ४५ अंशांत, ठोकळ्याला टेकवून, करवतीने चीर पाडा, पण आरपार नको, ३ मिमी सोडा. उरलेला भाग पुढे कातून जाणारच आहे, तोवर तो दोन्ही अर्धे सरळ धरून ठेवतो. चिरेत व्हिनियरची (लाकडाच्या पातळ पापुद्र्याची) किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी एपॉक्सीने बसवा, पूर्ण सुकल्यावर बाहेरचा भाग तासा, तुकडा पाव फेरा फिरवा, त्याच ठोकळ्याला टेकवून दुसरी चीर. असं चारदा. घाई करणाऱ्याला चार दिवस पुरत नाहीत.

सगळं यश एकाच गोष्टीत: पट्टीची जाडी करवतीच्या चिरेएवढीच हवी. भंगार तुकड्यावर चीर पाडून व्हर्नियरने मोजा, मग पट्टी शोधा. उलटं करू नका. पट्टी पातळ पडली तर प्रत्येक चिरेला अर्धे जरा जवळ सरकतात आणि चौथी कडी पहिलीला भेटत नाही. ४५ अंशांत १० मिमी पेनावर कडी १० मिमी लांब दिसते. लाकडाच्या लांबीशी ३० अंश ठेवले तर १७ मिमी, आणि तीच अधिक डौलदार.

भोक पाडताना वेग ५०० च्या आसपास, दर ५ मिमीला ड्रिल बाहेर काढून गार करा. तापलेल्या ड्रिलने आतला गोंद नरमतो आणि तुकडा लेथवरच निखळतो.

जर

६ मिमी रुंद, ०.८ मिमी खोल खाचेत जरीचा धागा शेजारीशेजारी गुंडाळून वर पातळ गोंद, एवढंच. हे काम तयार मापावर करायचं, कारण धागा तयार पृष्ठभागाच्या किमान ०.४ मिमी खाली राहायला हवा. टूल धाग्याला लागलं की सगळा उलगडतो. प्लॅस्टिकची जर अ‍ॅसिटोनने रंग सोडू शकते, आधी तुकड्यावर बघा.

वरचा थर आणि जोडणी

पातळ गोंदाचे दोन हात, मग मध्यमचे आठ-दहा, ७०० फेऱ्यांवर, टिश्यूच्या घडीने. बुशच्या जागी प्लॅस्टिकचे शंकू लावा, नाहीतर पेन बुशलाच चिकटतं. हे करायच्या वेळेस लाइट जायची सवय असेल तर वेळ बघून बसा. लेथ मध्येच थांबली की गोंद खाली ओघळून गाठ धरतो आणि तो सगळा थर तासावा लागतो. दुसऱ्या दिवशी पाण्यासोबत १५०० पासून १२००० पर्यंत घासा.

जोडायच्या आधी नळीच्या आतला गोंद गोल कानशीने काढा. तो तसाच राहिला आणि भाग शेगड्यात दाबला, तर नळी आतून फुगते आणि टोकाशी उरलेलं ते ०.७ मिमी लाकूड तडकतं. भाग हाताने अर्धा आत गेला पाहिजे. जात नसेल तर पुन्हा कानस.

पोटात चांदीची कोयरी असेल तर क्लिप बसवण्याआधी पेन मुठीत लिहायच्या पद्धतीने धरून पाहा. क्लिप आणि कोयरी एका रेषेत आली की लिहिताना कोयरी वर दिसते, खिशात मात्र पेनाचा हा खालचा भाग कापडाआडच राहतो.